खडकवासला ते येरवडा : लोकर, पाणी आणि तुरुंगातील गालिचा

प्रस्तावना

पुण्याच्या नैर्ऋत्येस मुठा नदीवर असलेल्या खडकवासला धरणाचा उल्लेख इतिहासलेखनात बहुधा दोन संदर्भांत येतो. एक, दख्खनमधील आरंभीच्या मोठ्या दगडी धरणांपैकी एक म्हणून, आणि दुसरा, १२ जुलै १९६१ च्या पानशेत दुर्घटनेत फुटलेले धरण म्हणून. या धरणाचे बांधकाम १८६९ च्या सुमारास सुरू झाले व १८७९-८० पर्यंत पूर्णत्वास गेले. ज्या दशकात हे काम चालू होते त्याच दशकात, १८७१ साली, पुण्याच्या ईशान्येस येरवड्याचा तुरुंग उभा राहिला. पुढे या तुरुंगात गाठींचे लोकरी गालिचे विणले जाऊ लागले आणि ते मुंबई इलाख्याबाहेरही ओळखले गेले.

धरण आणि तुरुंग ही वसाहतकालीन शासनाची दोन स्वतंत्र कामे होत. तथापि लोकर या वस्तूचा माग काढू लागल्यास ही दोन्ही ठिकाणे एकाच भूगोलात येतात. मेंढीच्या पाठीवरील लोकर विणलेल्या वस्त्रापर्यंत कोणकोणत्या हातांतून जाते, त्यांपैकी कोणाला मोबदला मिळतो व कोणाला मिळत नाही, या प्रश्नाच्या अनुषंगाने पुणे परिसरातील दोन साखळ्यांचा विचार प्रस्तुत लेखात केला आहे. एक साखळी घोंगडीची, तर दुसरी तुरुंगातील गालिच्याची आहे.

म्हशींचा प्रदेश आणि मेंढ्यांचा प्रदेश

खडकवासला हे पर्जन्यमानाच्या दृष्टीने उंबरठ्यावरचे गाव आहे. त्याच्या पश्चिमेस मुठा, मोसे व आंबी या नद्यांच्या उगमाकडे वर्षाला दोन हजार मिलिमीटरहून अधिक पाऊस पडतो. पूर्वेकडे पुणे ओलांडून दौंड-इंदापूरकडे गेल्यास तो पाचशे मिलिमीटरच्या आसपास येतो. सह्याद्रीच्या माथ्यावरील ओलसर हवा मेंढीला मानवत नाही. पावसाळ्यात तिची लोकर सतत भिजते, खूर सडतात. त्यामुळे घाटमाथ्यावर राहणारे गवळी धनगर म्हशी व गाई पाळतात, तर मेंढ्या राखणारे हटकर व खुटेकर धनगर पर्जन्यछायेतील माळांवर आढळतात. एकाच नावाने ओळखल्या जाणाऱ्या समाजातील हा फरक कैलाश मल्होत्रा व माधव गाडगीळ यांच्या अभ्यासातून स्पष्ट झाला आहे. धनगरांच्या भटकंतीच्या वाटा आणि त्यांची दैवते यांकडे दामोदर कोसंबी व ग्युंथर सोंथायमर यांनी लक्ष वेधले होतेच.

तात्पर्य, खडकवासल्याच्या वरच्या खोऱ्यात लोकर निर्माण होत नव्हती. ती वापरली जात होती. मावळातील शेतकरी भातलावणीच्या दिवसांत घोंगडीची खोळ डोक्यावरून घेऊन चिखलात उभा राहत असे. दख्खनी मेंढीची जाडी-भरडी, काळी लोकर अंगाला टोचते हे खरे, परंतु ती पावसाचे पाणी चटकन आत घेत नाही आणि भिजल्यावरही ऊब देते. अशा रीतीने लोकर पूर्वेच्या कोरड्या माळावरून पश्चिमेच्या ओल्या खोऱ्याकडे जात होती. धरणाने त्याच्या उलट दिशेचा प्रवाह निर्माण केला. म्हशींच्या प्रदेशात पडणारे पाणी अडवून ते उजव्या कालव्याने मेंढ्यांच्या प्रदेशाकडे नेले गेले.

घोंगडीची साखळी

दख्खनी मेंढीपासून वर्षाकाठी जेमतेम अर्धा ते पाऊण किलो लोकर मिळते आणि तीही साधारणतः दोन कातरणींत. एका चांगल्या घोंगडीसाठी चार-पाच मेंढ्यांची वर्षभराची लोकर लागते, असा ढोबळ हिशेब मांडता येईल. कोकराची पहिली लोकर, म्हणजे जावळ, मऊ असल्याने तिच्या घोंगडीला अधिक मान होता. कातरलेली लोकर निवडणे, पिंजणे व सूत काढणे ही कामे बहुतांशी घरात होत आणि त्यांतील सूतकताई स्त्रियांच्या हाती असे. विणकाम काही ठिकाणी धनगर स्वतः करीत, तर सातारा-सांगली भागात ते सनगर समाजाकडे असे. ताणा पसरून त्याला चिंचोक्यांची खळ कुंच्याने लावली जाई व ती वाळल्यावर खड्ड्याच्या मागावर पट्टी विणली जाई. पिंजारी मंडळी याच लोकरीपासून, न विणता, केवळ दाबून व घोळून बुरणूस तयार करीत.

या साखळीत रंगाऱ्याला स्थान नव्हते, ही बाब महत्त्वाची आहे. काळ्या लोकरीवर रंग चढत नाही. काळा, करडा व पांढरा हे मेंढीने दिलेले रंगच घोंगडीच्या काठांत व पट्ट्यांत दिसतात. त्यामुळे नीळ, मंजिष्ठा किंवा लाख यांच्या व्यापारावर हा व्यवसाय अवलंबून नव्हता. भांडवल अल्प, माग घरचा, बाजार आठवड्याचा. मेंढपाळाचे उत्पन्नही केवळ लोकरीवर नव्हते. शेतात वाघर लावून रात्री मेंढ्या बसवल्या की त्या खताच्या बदल्यात शेतकरी धान्य किंवा रोकड देत असे. लोकर ही त्याच्या दृष्टीने अनेक उत्पन्नांपैकी एक होती. किंबहुना त्यामुळेच ती स्वस्त राहिली आणि साखळी टिकली.

या व्यवस्थेचे उदात्तीकरण करण्याचे कारण नाही. सूत काढणाऱ्या स्त्रीच्या श्रमाची स्वतंत्र किंमत येथेही कोणी मोजत नव्हते. ती घोंगडीच्या किमतीत विरून जात असे.

तुरुंगातील साखळी

गाठींचा गालिचा हा मुळात निराळ्या जातीचा पदार्थ आहे. मराठी घराला सतरंजी परिचित होती, जाजम परिचित होते. गालिचा हा शब्द आणि ती वस्तू, दोन्ही फारसीच्या वाटेने दरबारात आले. गालिच्याला रंग चढेल अशी पांढरी लोकर लागते, बहुधा सुती ताणा लागतो, रंगारी लागतो, कागदावर चौकटी पाडून काढलेला नमुना लागतो, आणि मुख्य म्हणजे महिनोन्महिने एका मागासमोर ओळीने बसणारी माणसे लागतात. एकेक गाठ हाताने मारून, धागा कापून, ओळ पूर्ण झाली की पंज्याने ठोकायची. गालिच्याच्या खर्चात मजुरीचा वाटा सर्वांत मोठा असतो. ज्याच्याकडे बिनमजुरीची माणसे आहेत त्याला या धंद्यात किती लाभ होतो, हे त्यावरून ध्यानी यावे.

१८५१ च्या लंडन येथील महाप्रदर्शनानंतर भारतीय गालिच्यांना युरोपात मागणी वाढली आणि ती भागविण्यासाठी आग्रा, लाहोर, येरवडा, ठाणे इत्यादी ठिकाणच्या तुरुंगांत माग उभे राहिले. आग्र्याच्या तुरुंगात व्हिक्टोरिया राणीसाठी विणलेला गालिचा १८९४ च्या सुमारास विंझर राजवाड्यातील वॉटर्लू दालनात पोहोचला. तो सुमारे २४ मीटर लांब व १२ मीटर रुंद आहे. एवढा अखंड गालिचा विणण्यास लागणारी जागा, शिस्त आणि वेळ खासगी कारखानदारास सहसा परवडणारी नव्हती.

येरवड्याच्या गालिच्यांचे वैशिष्ट्य त्यांच्या नमुन्यांत आहे. विजापूरच्या आसार महालात सतराव्या शतकातील जुने गालिचे जतन केलेले होते. विजापूर तेव्हा मुंबई इलाख्यातच असल्याने हे गालिचे तुरुंग खात्यास उपलब्ध होऊ शकले आणि त्यांच्या नकला येरवड्यात विणल्या गेल्या. इलाख्यातील गालिचे विणण्याच्या कलेवर एच. जे. आर. ट्विग या सनदी अधिकाऱ्याने १९०७ मध्ये एक प्रबंधिका लिहिली. आदिलशाहीच्या वैभवाची खूण असलेली नक्षी अडीचशे वर्षांनी पुण्याच्या कैद्यांच्या बोटांतून पुन्हा उतरली, यातील विसंगती कोणाही वाचकाच्या लक्षात येईल.

कैद्याचा दिवस मात्र नक्षीवर ठरत नव्हता. १८९४ च्या तुरुंग अधिनियमातील कलम ३५ नुसार सक्तमजुरीच्या कैद्याकडून, आपत्कालीन प्रसंग वगळता, दिवसाला नऊ तासांपेक्षा अधिक काम घेता येत नसे. ही मर्यादा संरक्षण म्हणून घातली होती. परंतु रोज नऊ तास, वर्षानुवर्षे आणि मजुरीविना, असे त्याचे दुसरे वाचनही करता येते. चांगल्या वर्तनाबद्दल शिक्षेत सूट मिळे, मोबदला नव्हे.

बर्डवुड यांचा आक्षेप आणि पुण्याचे उदाहरण

जॉर्ज बर्डवुड यांनी १८८० मध्ये प्रसिद्ध झालेल्या भारतीय औद्योगिक कलांवरील ग्रंथात तुरुंगातील गालिच्यांवर कठोर टीका केली. वंशपरंपरागत विणकर तुरुंगाच्या किमतीशी स्पर्धा करू शकत नाहीत, आणि युरोपीय मागणीपुढे नमुने बिघडतात, असा त्यांच्या म्हणण्याचा रोख होता. त्या काळी विलायती रासायनिक रंगही बाजारात आले होते. १८५६ मध्ये पर्किन यांनी पहिला ॲनिलीन रंग शोधला आणि मंजिष्ठेतील रंगद्रव्य १८६८ मध्ये प्रयोगशाळेत तयार झाले. त्यानंतर रंगाऱ्याच्या पिढीजात ज्ञानाचे मोल झपाट्याने घसरले. बर्डवुड यांची सारी तक्रार कलेच्या ऱ्हासाविषयी आहे; कैद्याच्या मजुरीचा प्रश्न त्यांना तितकासा अस्वस्थ करीत नाही, हे नमूद केले पाहिजे.

पुण्याच्या बाबतीत हा आक्षेप जसाच्या तसा लागू पडत नाही. पुण्यात तांबट आळी आहे, बुरूड आळी आहे. गालिचे विणणाऱ्यांची आळी मात्र तुरुंगापूर्वीही नव्हती आणि नंतरही घडली नाही. जेथे विणकरच नव्हते तेथे तुरुंगाने त्यांना बुडविले असे म्हणता येत नाही. खरा प्रश्न निराळा आहे. इतकी वर्षे इतक्या हातांना ही कला शिकवूनही ती तुरुंगाच्या भिंतीबाहेर का रुजली नाही?

याचे उत्तर साखळीच्या रचनेत शोधावे लागते. अमृतसरमध्ये १८७० च्या फ्रान्स-प्रशिया युद्धानंतर शालींचा व्यापार कोसळला, तेव्हा तेथील काश्मिरी विणकर गालिच्यांकडे वळले. माग, नमुना वाचण्याची रीत आणि व्यापाऱ्याशी असलेला व्यवहार त्यांच्या हाती आधीपासूनच होता. येरवड्याच्या कैद्याला गाठ मारता येत होती, परंतु लोकर कोठून येते, रंग कसा बांधतात, मागणी कोण नोंदवतो आणि भाव कसा ठरतो हे सारे कचेरीच्या हाती होते. सुटका झाल्यावर तो ज्या गावी परतत असे तेथे ना मोठा माग होता, ना रंगीत सूत, ना गालिचा विकत घेणारा कोणी. त्याच्याजवळ साखळीतील एकच कडी होती आणि ती एकटी निरुपयोगी होती.

याच तुरुंगात १९३० मध्ये महात्मा गांधींनी घडी करून नेता येईल असा पेटी चरखा विकसित केला व त्याला ‘येरवडा चक्र’ हे नाव मिळाले. त्याचा उद्देश नेमका उलट, म्हणजे संपूर्ण साधन कातणाऱ्याच्या स्वाधीन करण्याचा होता. दोन्ही कामे एकाच आवारात झाली, एवढेच त्यांच्यात साम्य.

मजुरीचा प्रश्न आणि उरलेली लोकर

१९१९-२० च्या भारतीय तुरुंग समितीने सुधारणा व पुनर्वसन हा कारावासाचा हेतू मानला. तरीही कैद्याच्या श्रमाला न्याय्य मोबदला मिळाला पाहिजे, हे तत्त्व सर्वोच्च न्यायालयाने ठामपणे मांडले ते सप्टेंबर १९९८ मध्ये, गुजरात राज्याशी संबंधित खटल्यात. त्या मोबदल्यातील काही भाग गुन्ह्यातील पीडितांसाठी राखून ठेवण्याची दिशाही त्या निर्णयात दिली गेली. येरवड्याच्या मागांवर आसार महालाची नक्षी उतरविणाऱ्यांना या निर्णयाचा काहीच उपयोग होण्यासारखा नव्हता. त्यांचे गालिचे आज संग्राहकांकडे व लिलावांत ‘तुरुंगातील गालिचे’ म्हणून ओळखले जातात. विणणाऱ्याचे नाव त्यांवर असण्याची प्रथा नव्हती.

घोंगडीची साखळीही पुढे विरळ होत गेली, मात्र निराळ्या कारणांनी. गिरणीचे ब्लँकेट आणि प्लॅस्टिकचे कापड यांनी मावळातील गिऱ्हाईक नेले. खडकवासल्याच्या पाण्याने हवेली-दौंडच्या पट्ट्यात, आणि पुढे नव्या कालव्याने इंदापूरपर्यंत, ऊस आणला. त्यामुळे चराऊ माळ आक्रसले, तरी उसाचे वाढे आणि बसवणुकीची शेते मिळत गेल्याने मेंढपाळ पूर्णतः उखडला गेला नाही. त्याचा हिशेब मात्र लोकरीकडून मांसाकडे वळला. जत तालुक्यातील माडग्याळ मेंढीसारख्या उंच, वजनदार आणि अल्प लोकर देणाऱ्या जातीला त्यामुळेच पसंती मिळते. भारतातील गालिच्यांचा धंदा आता प्रामुख्याने भदोही-मिर्झापूर पट्ट्यात आहे व तेथे बिकानेरच्या लोकरीबरोबर न्यूझीलंडची लोकरही वापरली जाते. दख्खनी लोकरीला त्या बाजारात जागा नाही. अनेक ठिकाणी कातरणीची मजुरी लोकरीच्या भावापेक्षा जास्त पडते. मेंढीला उकाडा सोसत नाही म्हणून कातरणी करावीच लागते, आणि खाली पडलेली काळी लोकर बांधावर तशीच राहते.