लग्नचौक आणि नाव नसलेले हात

आमच्या कुर्डुवाडीच्या परिसरात लग्नपत्रिकांवर आणि शाळांच्या कुंपणभिंतींवर वारली आकृत्या हल्ली सर्रास दिसतात. दोन त्रिकोण, वर एक वर्तुळ, काड्यांसारखे हातपाय. ही चित्रे कोणाची, असे वर्गात विचारले तर 'आदिवासींची' असे उत्तर येते. एखादा वाचणारा विद्यार्थी जिव्या सोमा म्हसे यांचे नाव सांगतो. दोन्ही उत्तरे खरी आहेत. पण त्या दोहोंच्या मधला इतिहास आम्ही शिक्षकांनीही कधी नीट सांगितलेला नाही.

आज पालघर जिल्ह्यात असलेल्या डहाणू-तलासरीच्या पट्ट्यात वारली चित्र हे मुळात लग्नविधीचे अंग. गेरूने सारवलेल्या कुडाच्या भिंतीवर तांदळाच्या पिठाने सवाशिणी लग्नचौक लिहितात. चौकाच्या मध्यभागी पालघट देवी असते. चौकाशिवाय लग्न लागत नाही. धवलेरी गाणी म्हणून विधी चालविते. चित्र आणि गाणे, दोन्ही थोरल्या बायकांकडून धाकट्यांकडे येते. लग्न उरकले की चित्राचे काम संपते. भिंत पुन्हा सारवली जाते. खाली कोणाची सही नसते.

सत्तरच्या दशकाच्या आरंभी चित्रकार भास्कर कुळकर्णी या भागात आले आणि त्यांनी कागद पुढे केला. ती कला ज्यांची होती त्या बायकांबरोबरच त्यांना एक पुरुषही चित्रे काढताना दिसला. ते म्हणजे जिव्या म्हसे. लहानपणी आई गेल्यावर त्यांचे बोलणे थांबले होते, मातीत रेघा ओढून ते मनातले सांगत, अशी त्यांची हकीकत सांगितली जाते. १९७६ मध्ये त्यांना राष्ट्रीय पुरस्कार मिळाला, १९८९ मध्ये पॅरिसच्या पॉम्पिदू केंद्रातील प्रदर्शनात त्यांची चित्रे लागली आणि २०११ मध्ये पद्मश्री आली. १५ मे २०१८ रोजी ते निवर्तले.

त्यांच्या चित्रांत वडीलधाऱ्यांच्या तसबिरी नाहीत. वारली आकृतीला नाक-डोळेच नसतात. तरीही ती चित्रे वडिलांच्या ऋणाचीच आहेत, असे आम्हाला वाटते. मध्ये तारपावादक, भोवती शंखाच्या वळणासारखी फिरत जाणारी नाचणाऱ्यांची साखळी. वाजविणाऱ्याकडे पाठ करायची नाही हा त्या नाचाचा रिवाज. शेताची कामे, मासेमारीचे जाळे, पूर्वापार ऐकलेल्या कथा हे सारे म्हाताऱ्यांच्या तोंडून आलेले. ज्याने ते दिले त्याचा चेहरा न काढता त्याने दिलेले जसेच्या तसे जपायचे, हा सन्मानाचा एक प्रकारच आहे.

पण येथेच एक प्रश्न उभा राहतो. कागदाने चित्र टिकविले आणि टिकविताना एक नाव मागितले. ते नाव पुरुषाचे निघाले. यात म्हसे यांचा दोष नाही. त्यांची प्रतिभा निर्विवाद आहे. कलेच्या बाजाराला आणि पुरस्कारांच्या व्यवस्थेला सही लागते, आणि भिंतीवर सही नव्हती. त्यामुळे ज्या थोरल्या बायकांनी ही रेघ पिढ्यान्‌पिढ्या सांभाळली, त्या 'परंपरा' या एका शब्दात विरघळून गेल्या.

हे आम्हाला परके वाटू नये. आमच्या माढा-बार्शीकडच्या आज्यांनी जात्यावर ज्या ओव्या रचल्या, त्यांचे आम्ही काय केले? त्या 'लोकसाहित्य' म्हणून अभ्यासक्रमात लावल्या, त्यांवर प्रश्नपत्रिका काढल्या. गाणारणीचे नाव मात्र विचारले नाही. संकलकाचे नाव तेवढे मुखपृष्ठावर आले.

म्हणून यंदा आम्ही विद्यार्थ्यांना एक साधे काम दिले आहे. घरातल्या सर्वांत वृद्ध बाईकडून एक ओवी लिहून आणायची, आणि ओवीच्या आधी तिचे पूर्ण नाव लिहायचे, माहेरच्या नावासकट. पहिल्या आठवड्यात आलेल्या कित्येक कागदांवर ओवी होती आणि नावाच्या जागी फक्त 'आजी' असे लिहिले होते. ते कागद आम्ही परत दिले आहेत.