मध्य आफ्रिकी प्रजासत्ताक : ओसाड पूर्व, रिकामे मोहल्ले आणि अर्धा आकडा

गेल्या रमजानमधली गोष्ट. तरावीहची नमाज आटोपून आम्ही चारपाच जण मशिदीच्या पायरीपाशी बोलत उभे होतो. आमच्या मोहल्ल्यातला एक कॉलेजात जाणारा मुलगा जवळ आला आणि मोबाईल पुढे करून म्हणाला, "चाचा, हे खरं आहे का?" व्हॉट्सॲपवर फिरत आलेला मजकूर होता. मध्य आफ्रिकी प्रजासत्ताक नावाच्या देशात ४३६ मशिदींपैकी ४१७ मशिदी उद्ध्वस्त करण्यात आल्या, एवढेच त्यात लिहिले होते. खाली संतापाची चार वाक्ये होती.

मी त्याला म्हणालो, "बेटा, वाचून सांगतो." वाचायला घेतले आणि त्यातच कित्येक रात्री गेल्या. आकडा खरा निघाला. पण त्या आकड्याच्या मागे शंभर-सव्वाशे वर्षांचा इतिहास आहे आणि त्यातला काही भाग आपल्याला, म्हणजे मुसलमानांना, ऐकायला जड जाणारा आहे. तो वगळून मला या मुलाला उत्तर देता येईना. म्हणून हा लेख.

महाराष्ट्राच्या दुप्पट जमीन, पुणे जिल्ह्याच्या निम्म्याहून कमी माणसे

हा देश आफ्रिका खंडाच्या अगदी मधोमध आहे. उत्तरेला चाड, पूर्वेला सुदान आणि दक्षिण सुदान, दक्षिणेला दोन्ही कांगो, पश्चिमेला कॅमेरून. समुद्रकिनारा नाही. क्षेत्रफळ सुमारे ६ लाख २३ हजार चौरस किलोमीटर, म्हणजे आपल्या महाराष्ट्राच्या दुप्पट. २००३ साली तिथे जनगणना झाली तेव्हा लोकसंख्या भरली सुमारे ३९ लाख. २०११ मध्ये एकट्या पुणे जिल्ह्याची लोकसंख्या ९४ लाखांवर होती, यावरून अंदाज यावा. दर चौरस किलोमीटरला सहा माणसे.

स्वातंत्र्यानंतर या देशात १९७५, १९८८ आणि २००३ अशा तीन जनगणना झाल्या. त्यानंतर सगळा कारभार अंदाजावर चालला आहे. हल्लीचे अंदाज पन्नास लाखांच्या पुढे जातात. निम्म्याहून अधिक लोक वीस वर्षांखालचे आहेत आणि सरासरी आयुर्मान जगात सर्वांत कमी असलेल्या देशांच्या रांगेत बसते. ग्बाया आणि बांडा हे दोन मोठे समाज. त्यांच्याशिवाय मांजिया, सारा, म्बुम, म्बाका, याकोमा, झांदे असे अनेक. या सर्वांना जोडणारी एक भाषा मात्र आहे, सांगो. नदीकाठच्या व्यापारातून ती वाढली आणि आज फ्रेंचच्या बरोबरीने राजभाषा आहे. ख्रिस्ती असो वा मुसलमान, बाजारात सगळे सांगोच बोलतात. आफ्रिकेतल्या फार थोड्या देशांना हे भाग्य लाभले आहे.

मुसलमान किती? २००३ च्या जनगणनेनुसार सुमारे दहा टक्के. जुन्या संदर्भग्रंथांत पंधरा टक्के छापलेले आढळते. हा फरक लक्षात ठेवावा, कारण या देशात कोणाला मोजायचे आणि कोणाला परके ठरवायचे यावरच पुढे रक्त सांडले.

नकाशावर पाहिले तर वस्ती पश्चिमेला आणि दक्षिणेला एकवटलेली दिसते. पूर्वेकडे मैलोन्‌मैल गाव नाही. पाऊस आहे, नद्या आहेत, जमीन वाईट नाही. मग माणसे का नाहीत? या प्रश्नापाशी मी बराच काळ थांबलो.

पूर्व कोणी ओसाड केली?

एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात सुदानकडून गुलामांचे व्यापारी या भागात खोलवर शिरू लागले. त्यांच्यातला सर्वांत ताकदवान सेनानी रबीह. त्याने १८९० च्या सुमारास दार अल-कुती हा उत्तरेकडचा मुलूख ताब्यात घेतला आणि तिथे मोहम्मद अस-सेनुसी याला गादीवर बसवले. सेनुसीने एन्देले येथे राजधानी वसवली. डोंगरकड्यावरचे हे मजबूत ठाणे, आसपास शेती, बाजारात उत्तर आफ्रिकेपर्यंतचे व्यापारी. आणि हे सगळे उभे होते गुलामांवर. सेनुसीच्या फौजा दरवर्षी दक्षिणेकडे आणि पूर्वेकडे बांडा व इतर समाजांच्या गावांवर धाडी घालत. धरून आणलेले लोक काही शेतीवर राबत, काही सहारा ओलांडून विकले जात, त्यांच्या बदल्यात बंदुका येत. त्या बंदुका पुढच्या धाडीला कामी येत.

१९११ मध्ये फ्रेंचांनी सेनुसीला ठार मारले तेव्हा या धाडी थांबल्या. तोवर कित्येक समाज पांगले होते, काही नष्ट झाले होते. इतिहासकार डेनिस कॉर्डेल यांनी दार अल-कुतीवर सविस्तर ग्रंथ लिहिला आहे. पूर्वेची आजची विरळ वस्ती बऱ्याच अंशी त्या काळाची देणगी आहे.

सेनुसी मुसलमान होता. त्याच्या दरबारात फकीह होते, नमाज होती, रोजे होते. स्वतंत्र मुसलमानाला गुलाम करता येत नाही, हा शरियतचा नियम तिथे माहीत होता. त्याचा अर्थ असा काढला गेला की जो मुसलमान नाही त्याला खुशाल पकडावे. ज्या धर्माने गुलामाला मुक्त करणे हे मोठे पुण्य मानले, त्याच धर्माच्या नावाखाली हा धंदा चालला. आपल्याकडे इस्लामी इतिहासावर बोलताना आपण बगदादची ग्रंथालये सांगतो, कुर्तुब्याचे दिवे सांगतो. एन्देलेचा बाजारही आपल्याच हिशेबाच्या वहीत लिहिलेला आहे.

न्यायाने हेही सांगितले पाहिजे की माणसे फक्त उत्तरेकडेच गेली नाहीत. उबांगी आणि कांगो नदीच्या वाटेने दक्षिणेकडे अटलांटिकच्या गुलाम-व्यापारातही इथली माणसे विकली गेली. दोन्ही बाजूंनी हा देश उपसला गेला.

गोऱ्यांचे राज्य आणि रबराची टोपली

फ्रेंचांनी १८८९ मध्ये उबांगीच्या काठी बांगी हे ठाणे वसवले. आजची राजधानी तीच. मुलखाचे नाव पडले उबांगी-शारी. गुलामगिरी संपवायला आलो, असे ते सांगत. १८९९ पासून त्यांनी ही जमीन मोठमोठे तुकडे पाडून खाजगी कंपन्यांना मक्त्याने दिली. कंपन्यांना रबर आणि हस्तिदंत हवे होते. पुरुषाने ठरलेले रबर आणले नाही तर त्याच्या बायकामुलांना ओलीस धरत. १९०४ साली बांगीत अशा ओलिसांना एका अंधाऱ्या खोलीत कोंडले गेले आणि चाळीसहून अधिक स्त्रिया मेल्या. बभ्रा झाल्यावर फ्रान्सने ब्राझा या जुन्या शोधप्रवाशाला चौकशीसाठी पाठवले. परतीच्या वाटेवर १९०५ मध्ये डकार येथे त्याचा मृत्यू झाला. चौकशीचा अहवाल सरकारने दाबून टाकला. तो प्रसिद्ध व्हायला शंभरहून अधिक वर्षे लागली.

रबरासाठी लोक रानात गेले, शेती पडीक राहिली, उपासमार आली, निद्रारोगाची साथ पसरली. रने मारां हा कृष्णवर्णीय अधिकारी याच प्रांतात नोकरीला होता. त्याच्या 'बातुआला' या कादंबरीला १९२१ चा गोंकूर पुरस्कार मिळाला. तिच्या प्रस्तावनेत त्याने गावे रिकामी होत असल्याचे उघड लिहिले आणि त्यामुळे पॅरिसमध्ये गदारोळ झाला. त्याच वर्षी कांगो-ओसेआं रेल्वेचे काम सुरू झाले. १९३४ पर्यंत चाललेल्या त्या कामावर सतरा हजारांच्या आसपास मजूर तरी मेले असे मानतात. त्यांत उबांगी-शारीतून नेलेले पुष्कळ होते. वेठबिगारीच्या या संतापातून १९२८ मध्ये ग्बाया समाजाने कार्नू नावाच्या भविष्यवेत्त्याच्या प्रेरणेने बंड केले. त्याला 'कोंगो-वारा' म्हणजे कुदळीच्या दांड्याची लढाई म्हणतात. कार्नू त्याच वर्षी मारला गेला, बंड १९३१ पर्यंत धुमसत राहिले.

या देशाचा राष्ट्रपिता बार्थेलेमी बोगांडा याच काळाचे लेकरू. त्याची आई रबर गोळा करवणाऱ्या कंपनीच्या माणसांच्या मारहाणीत मेली. मिशनऱ्यांनी वाढवलेला हा पोरका मुलगा पुढे पाद्री झाला आणि मग राजकारणात आला. त्याचे घोषवाक्य सांगो भाषेत होते, 'झो क्वे झो'. अर्थ, प्रत्येक माणूस हा माणूस आहे. १९५९ मध्ये विमान अपघातात तो गेला. १३ ऑगस्ट १९६० रोजी देश स्वतंत्र झाला तेव्हा त्याची शिकवण सांभाळणारा कोणी उरला नव्हता.

तीन पिढ्यांचे 'परके'

मुसलमान या देशात तीन वाटांनी आहेत. ईशान्येचे गुला आणि रुंगा हे तिथलेच जुने रहिवासी. हौसा आणि बोर्नूकडचे व्यापारी फ्रेंच काळात आणि त्याआधीही आले, चाडमधून पुढेही येत राहिले. म्बोरोरो फुलानी हे गुराखी १९२० च्या दशकापासून कॅमेरूनकडून चराईच्या शोधात आले. गुरे, मांस, कापड, मालवाहतूक, हिऱ्यांची खरेदी असे धंदे बऱ्याच अंशी मुसलमानांच्या हाती होते. बांगीमध्ये मैलाच्या दगडावरून नाव पडलेला पीके-५ हा त्यांचा मोठा बाजार आणि मोहल्ला.

आजोबा तिथेच पुरलेले, नातवाची बोली सांगो, तरी शेजाऱ्याच्या तोंडी नाव 'चाडवाला'. पोलिसांच्या नाक्यावर मुसलमान नाव दिसले की कागद जास्त मागत, पैसे जास्त घेत. दुसरीकडे ईशान्येचा भाग सरकारने वाऱ्यावर सोडलेला. पावसाळ्यात बिराओ शहराकडे जाणारे रस्ते बंद होत. शाळा, दवाखाने नावालाच.

याच ईशान्येतून २०१२ च्या शेवटी सेलेका ही सशस्त्र आघाडी निघाली. सांगोत सेलेका म्हणजे युती. तिच्यात मुख्यतः मुसलमान होते, चाड आणि सुदानचे भाडोत्री लढवय्येही होते. २४ मार्च २०१३ रोजी त्यांनी बांगी घेतली आणि मिशेल जोतोदिया हा देशाचा पहिला मुस्लिम राष्ट्रप्रमुख झाला. पुढचे महिने सेलेकाने ख्रिस्ती वस्त्यांवर जे केले ते लपवण्यासारखे नाही. गावे जाळली, चर्च लुटली, माणसे मारली. बोसांगोआच्या चर्चच्या आवारात तीस-पस्तीस हजार लोक जीव मुठीत धरून राहत होते. लोकांच्या तोंडी जुनी आठवण परत आली. उत्तरेकडून घोड्यावर येणारे धाडकरी. शंभर वर्षांपूर्वीचा सेनुसी जणू पुन्हा जिवंत झाला.

सूड घ्यायला अँटी-बालाका टोळ्या उभ्या राहिल्या. ५ डिसेंबर २०१३ रोजी त्यांनी बांगीवर हल्ला केला. जानेवारीत जोतोदियाने राजीनामा दिला, सेलेकाचे सैनिक ईशान्येकडे पळाले आणि मागे राहिले सामान्य मुसलमान. दुकानदार, खाटीक, गुराखी, बायका, मुले. ज्यांच्या हाती बंदूक नव्हती त्यांच्यावर सगळा हिशेब फेडला गेला. संयुक्त राष्ट्रांच्या अंदाजानुसार बांगीत लाख ते दीड लाख मुसलमान होते. मार्च २०१४ पर्यंत हजारही उरले नाहीत. त्या एप्रिलमध्ये पीके-१२ या वस्तीतल्या सुमारे तेराशे लोकांना सैनिकांच्या पहाऱ्यात ट्रकमधून उत्तरेकडे न्यावे लागले. ट्रक हलताच मागे घरे लुटली जाऊ लागली. पश्चिमेची अनेक गावे मुसलमानांपासून रिकामी झाली. ४१७ मशिदींचा आकडा याच काळातला. अमेरिकेच्या संयुक्त राष्ट्रांतील राजदूतांनी मार्च २०१५ मध्ये तो जाहीर केला.

संयुक्त राष्ट्रांच्या चौकशी आयोगाने याला वांशिक सफाई म्हटले, नरसंहाराचा हेतू मात्र सिद्ध होत नाही असे नोंदवले. दोन्ही बाजूंचे गुन्हे त्यांनी लिहून ठेवले. मुसलमान गेल्यावर बांगीच्या बाजारात मांस मिळेना, धान्य महागले. ज्यांना परके म्हणून हाकलले, त्यांच्यावाचून शेजाऱ्याची चूलही नीट पेटेना.

जे व्हॉट्सॲपवर आले नाही

त्या मजकुरात काही नावे नव्हती, ती मी इथे लिहितो. बोसेम्प्तेले गावात बर्नार्ड किन्वी या तरुण पाद्र्याने आपल्या मिशनच्या दवाखान्यात हजाराहून अधिक मुसलमानांना आसरा दिला. बोआली गावात झेवियर फाग्बा या पाद्र्याने शेकडो मुसलमानांना चर्चमध्ये ठेवून घेतले. बांगीचे आर्चबिशप दियदोने न्झापालाइंगा, मुस्लिम समाजाचे नेते इमाम उमर कोबिन लायामा आणि पास्टर निकोलस गेरेकोयामे-ग्बांगू हे तिघे गावोगाव एकत्र फिरले. इमामसाहेबांच्या जिवाला धोका झाला तेव्हा ते कुटुंबासह कित्येक महिने आर्चबिशपांच्या घरी राहिले. २०२० मध्ये इमामसाहेबांचे निधन झाले. अल्लाह त्यांना मगफिरत देवो.

२०१५ मध्ये निवडणुकीची तयारी सुरू झाली तेव्हा हंगामी संसदेने शरणार्थ्यांना मतदान नाकारले. देश सोडून गेलेल्यांत मुसलमान मोठ्या संख्येने होते, म्हणजे त्यांना कागदावरूनही पुसण्याचा हा प्रकार होता. घटनात्मक न्यायालयाने जुलैमध्ये तो निर्णय फिरवला. बांगीतल्या त्या न्यायाधीशांबद्दल मला आदर वाटतो. २०२५ च्या जुलैमध्ये हेगच्या आंतरराष्ट्रीय फौजदारी न्यायालयाने अँटी-बालाकाचे येकातोम आणि न्गाइसोना यांना अनुक्रमे पंधरा आणि बारा वर्षांची शिक्षा सुनावली. सेलेकाच्या एका कमांडरवरही त्याच न्यायालयात खटला उभा राहिला आहे. काही मुसलमान परतले, काही मशिदी पुन्हा उभ्या राहिल्या. पण लाखो लोक, सर्व धर्मांचे, अजून शेजारच्या देशांत शरणार्थी आहेत.

ईदच्या दुसऱ्या दिवशी तो मुलगा भेटला. मी त्याला म्हणालो, "बेटा, तुझा आकडा खरा आहे. पण पुढे पाठवायचा असेल तर त्याच्यासोबत एन्देलेचा बाजार पाठव, बोसांगोआचे चर्च पाठव आणि बर्नार्ड किन्वीचे नावही पाठव. एवढे सगळे मावत नसेल तर पाठवू नकोस." तो थोडा वेळ गप्प राहिला. मग म्हणाला, "चाचा, एवढं मोठं कोण वाचतं?"

म्हणूनच इथे लिहिले.