चांदीपुरा विषाणू आणि जून-जुलैचा मायदेश प्रवास

चांदीपुरा हा ऱ्हॅब्डोव्हिरिडी कुलातील, व्हेसिक्युलोव्हायरस या प्रजातीचा विषाणू होय. १९६५ साली नागपुरात डेंग्यू व चिकुनगुन्याची साथ सुरू असताना तापाच्या दोन प्रौढ रुग्णांच्या रक्तातून पुण्याच्या विषाणू संशोधन केंद्रातील पी. एन. भट्ट आणि एफ. एम. रॉड्रिग्ज यांनी तो वेगळा केला. ज्या वस्तीत तो सापडला, तिचेच नाव त्याला मिळाले. हे केंद्र आज राष्ट्रीय विषाणू विज्ञान संस्था, म्हणजेच एनआयव्ही, म्हणून ओळखले जाते. दोन्ही रुग्णांचा आजार साध्या तापाचा असल्याने पुढे जवळजवळ चार दशके हा विषाणू निरुपद्रवी गणला गेला. १९८० मध्ये जबलपूर येथे मेंदूज्वराच्या एका रुग्णात तो आढळला होता. त्या नोंदीकडे पुरेसे लक्ष गेले नाही, असे आज मागे वळून पाहता म्हणावे लागते.

या प्रजातीचा सर्वांत परिचित सदस्य म्हणजे गुरे, घोडे व डुकरे यांना होणाऱ्या व्हेसिक्युलर स्टोमाटायटिस या रोगाचा विषाणू. तोंडात, सडांवर व खुरांजवळ फोड येतात आणि रोग हुबेहूब लाळ्या-खुरकुतासारखा दिसतो. फरक एवढाच, की लाळ्या-खुरकूत घोड्यांना होत नाही. मुख्यतः अमेरिका खंडांपुरता मर्यादित असलेला हा रोग माणसाला झालाच तर फ्लूसारखा सौम्य असतो. प्रयोगशाळेत मात्र या विषाणूचे स्थान मोठे आहे. बंदुकीच्या गोळीचा आकार, सुमारे ११,००० अक्षरांचा आरएनए आणि केवळ पाच प्रमुख प्रथिने, अशी त्याची सुटसुटीत रचना. १९७० मध्ये ॲलिस हुआंग, मार्था स्टॅम्फर व डेव्हिड बाल्टिमोर यांनी आरएनएची प्रत काढणारे विकर या विषाणूच्या कणातच असते, हे दाखवून दिले. इबोलावरील एर्वेबो ही लसही याच विषाणूचे बाह्य प्रथिन बदलून तयार झाली. २०१९ मध्ये तिला युरोप व अमेरिकेत मान्यता मिळाली.

चांदीपुराचे खरे रूप २००३ च्या पावसाळ्यात उघड झाले. जून ते ऑगस्ट या काळात आंध्र प्रदेशात ३२९ मुले आजारी पडली आणि त्यांपैकी १८३ दगावली. त्याच सुमारास महाराष्ट्रातही रुग्ण आढळले. २००४ मध्ये गुजरातच्या पूर्व भागात, तर २००७ मध्ये नागपूर विभागात उद्रेक झाले. नागपूर विभागात ७८ रुग्णांपैकी सुमारे ४४ टक्के मृत्यू पावले. जून ते १५ ऑगस्ट २०२४ या काळात भारतात तीव्र मेंदूज्वराचे २४५ रुग्ण व ८२ मृत्यू नोंदले गेले. त्यांपैकी ६४ जणांमध्ये चांदीपुराची खात्री झाली आणि बहुतेक जण गुजरातमधील होते. एकाच साथीतील सर्व मृत्यू याच विषाणूमुळे झाले असे मानता येत नाही, हे या आकड्यांवरून ध्यानात यावे. २००३ नंतर काही डॉक्टरांनी तर हा मेंदूज्वर नसून मेंदूच्या रक्तवाहिन्यांचा आघात असावा, असेही मत मांडले होते.

रोगाचा वेग हीच त्याची भीषणता आहे. पंधरा वर्षांखालील मुलाला अचानक तीव्र ताप येतो, पाठोपाठ उलट्या, झटके आणि शुद्ध हरपणे. कित्येकदा पहिल्या लक्षणानंतर ४८ ते ७२ तासांत मृत्यू ओढवतो. विषाणूविरोधी औषध नाही. झटके व मेंदूची सूज आटोक्यात ठेवणे, श्वासोच्छ्वास सांभाळणे, एवढेच उपचार हाती असतात. म्हणून अतिदक्षता विभाग असलेले रुग्णालय किती दूर आहे, यावर पुष्कळ काही अवलंबून राहते.

वाहक म्हणजे वाळूमाशी अर्थात सँडफ्लाय. आकार जेमतेम दोन-तीन मिलिमीटर. मातीच्या भिंतींच्या भेगा, गोठे व ओलसर कोपरे ही तिची जागा. ती संध्याकाळनंतर चावते, जमिनीलगत उड्या मारत फिरते आणि साध्या मच्छरदाणीच्या छिद्रांतून आत शिरते.

ओमानशी या विषयाचा संबंध दोन बाजूंनी येतो. एक, या प्रजातीचाच इस्फहान विषाणू १९७५ मध्ये समुद्रापलीकडच्या इराणात वाळूमाशीतच सापडला. लेशमानियासिस हा वाळूमाशीजन्य रोग खुद्द ओमानमध्येही नोंदला गेला आहे. दुसरा संबंध अधिक निकटचा. मस्कत, सोहार, सलालाह येथील भारतीय शाळांची मोठी सुट्टी साधारण जून-जुलैत येते आणि मुले आजोळी जातात. चांदीपुराचा हंगामही हाच. ज्ञात उद्रेक भारतातीलच असून शहरी सदनिकेत राहणाऱ्या मुलाला धोका अत्यल्प आहे. मात्र विदर्भातील वा गुजरात सीमेलगतच्या खेड्यात मुक्काम असेल, तर गोठ्याजवळ किंवा जमिनीवर न निजणे, पंखा चालू ठेवणे, औषध लावलेली बारीक जाळीची मच्छरदाणी आणि अंगभर कपडे, एवढ्याने बरेच साधते. परतल्यावर काही दिवसांत मुलाला तापासोबत झटके आले, तर कोणत्या गावी व कधी राहिलो हे मस्कतच्या डॉक्टरांना पहिल्याच भेटीत सांगावे. अन्यथा तेथे या विषाणूचा विचार सहजी मनात येणार नाही.

एनआयव्हीत व्हेरो पेशींवर वाढवलेल्या मृत विषाणूची लस उंदरांवर तपासली गेली आहे. तथापि वापरास मान्य अशी लस अद्याप नाही. रुग्ण थोडे, तेही मुख्यतः गरीब खेड्यांतील आणि काही वर्षांच्या अंतराने येणारे. अशा रोगाच्या मोठ्या मानवी चाचण्या आखणेच अवघड जाते.