नगरची आठचाकी गाडी

देहूरोडला राहणाऱ्यांना लष्करी वाहनांचं फारसं अप्रूप नसतं. लोकलची वाट पाहत फलाटावर उभं असावं आणि समोरून ताडपत्रीखाली झाकलेली वाहनं घेऊन लष्कराची मालगाडी धडधडत जावी, हे आमच्या नेहमीच्या पाहण्यातलं. एका बाजूला डेपोंची कुंपणं आणि दुसऱ्या बाजूला पिंपरी-चिंचवडपासून चाकणपर्यंत पसरलेले कारखाने. या पट्ट्यात लोखंड कधी स्वस्थ बसत नाही. आज यंत्र, उद्या भंगार, परवा भट्टी आणि मग पुन्हा नवा सुटा भाग. त्यामुळे एखादं जुनं यंत्र जसंच्या तसं उभं दिसलं, की माझ्या मनात पहिला प्रश्न येतो : हे वितळायचं राहिलं कसं?

नगरच्या रणगाडा संग्रहालयात हा प्रश्न मला फारच जाणवला. देहूरोडहून चाकण, शिक्रापूर करत नगर रस्त्याला लागलं, की तीन-साडेतीन तासांत तिथं पोचता येतं. शहराचं नाव २०२४ मध्ये अहिल्यानगर झालं, पण जुन्या सवयीनं तोंडात नगरच येतं. तिथल्या आर्मर्ड कोअर सेंटर अँड स्कूल या लष्करी प्रशिक्षण केंद्रानं फेब्रुवारी १९९४ मध्ये हे संग्रहालय सुरू केलं. ब्रिटिशांचा माटिल्डा, जपान्यांचा लहानखुरा हा-गो, १९६५ च्या युद्धातला पॅटन, आपला विजयंता असे रणगाडे तिथं आहेत. याच गर्दीत एक जर्मन चिलखती गाडी आहे. तिचं जर्मन नाव ‘श्वेरर पान्झरश्पेवागन’, म्हणजे टेहळणीची जड चिलखती गाडी.

ही गाडी जन्माला आली ती एका बंदीतून. पहिल्या महायुद्धात हरलेल्या जर्मनीवर १९१९ च्या व्हर्सायच्या तहानं रणगाडे आणि चिलखती गाड्या बनवण्याला मनाई केली. जर्मन लष्करानं ती कागदावर पाळली. १९२० च्या दशकाच्या अखेरीस काही वाहन कंपन्यांकडून अनेक चाकांच्या चिलखती गाड्यांचे नमुने करवून घेतले आणि नाव ठेवलं ‘माणसं वाहून नेणारी गाडी’! रशियात कझानजवळ दोन्ही देशांच्या गुप्त करारानं एक रणगाडा शाळा चालत असे. जर्मन अधिकारी तिथं जाऊन शिकत.

पण तेव्हा जर्मनीच्या खिशात पैसा नव्हता. म्हणून लष्करानं स्वस्तातला मार्ग काढला. बाजारात मिळणाऱ्या सहाचाकी मालट्रकच्या सांगाड्यावर चिलखत चढवलं. हे सांगाडे पुरवणाऱ्यांत डाइमलर-बेंझही होती. तिच्याच वारसदार कंपनीच्या मोटारी आज आपल्या चाकणला तयार होतात. १९३२ पासून निघालेली ही सहाचाकी पक्क्या सडकेवर बरी धावे, पण चिखलात आणि शेतात अडे. ट्रक तो ट्रकच.

मग १९३० च्या दशकाच्या मध्यावर ब्युसिंग-नाग या कंपनीनं चिलखती गाडीसाठीच वेगळा सांगाडा रचला. त्याला आठ चाकं. आठही चाकांना इंजिनाची ताकद मिळायची आणि आठही चाकं वळायची. वजन सुमारे ८ टन, सडकेवरचा वेग ताशी सुमारे ८५ किलोमीटर, माणसं चार, वरच्या फिरत्या घुमटात २० मिलिमीटरची तोफ. पण तिची खरी खुबी वेगळीच होती. तिला चालकाच्या जागा दोन होत्या, एक पुढे आणि एक मागे. टेहळणी करणाऱ्याचं काम लढण्याचं नसतं. शत्रू कुठं आहे ते पाहायचं आणि बातमी घेऊन जिवंत परत यायचं. अरुंद वाटेवर अचानक शत्रू समोर आला, तर गाडी वळवायला वेळ कुठून आणणार? अशा वेळी मागचा चालक सूत्रं हाती घेई आणि गाडी ज्या वेगानं आली त्याच वेगानं उलटी निघून जाई. चिलखत मात्र पातळ होतं. बंदुकीची गोळी अडवण्यापुरतं. तोफेपुढे त्याचा टिकाव लागत नसे.

फेब्रुवारी १९४१ मध्ये रोमेलची फौज लिबियात त्रिपोलीला उतरू लागली, तेव्हा पहिल्या तुकड्यांत टेहळणी पथक होतं आणि त्याच्याकडे अशा आठचाकी गाड्या होत्या. आता समोर कोण होतं ते पाहा. एप्रिलमध्ये मेचिली या वाळवंटी ठाण्यावर तिसरी हिंदी मोटार ब्रिगेड होती. घोडे सोडून नुकतेच मोटारींवर आलेले आपले घोडदळाचे जवान. त्यांच्याकडे रणगाडे नव्हते, चिलखती गाड्याही नव्हत्या. होते ते उघडे ट्रक, रायफली आणि हलक्या मशिनगन. ८ एप्रिलच्या पहाटे वेढा फोडून काही जण निसटले, बाकीचे कैद झाले.

पुढच्या वर्षी पाळी आली मराठी माणसांची. तोब्रुक बंदराच्या आग्नेय बाजूची फळी पाचव्या मराठा लाइट इन्फंट्रीची दुसरी बटालियन सांभाळत होती. रोमेलनं नेमकी तीच बाजू निवडली. २० जून १९४२ च्या सकाळी आधी विमानांनी बाँबचा वर्षाव केला आणि मग त्या फळीवरून जर्मन रणगाडे आत घुसले. दुसऱ्या दिवशी तोब्रुक पडलं. सुमारे ३३ हजार सैनिक कैदी झाले. त्यांत रत्नागिरी, सातारा, कोल्हापूर, नगर या बाजूंची पोरंही होती. ज्यांनी समुद्रही पूर्वी पाहिला नसेल, अशा कित्येकांनी पुढची वर्षं युरोपातल्या छावण्यांत काटेरी तारेआड काढली.

युद्ध संपलं आणि या आठचाकी गाड्यांची गरजही संपली. बऱ्याचशा आधीच जळून गेल्या होत्या. उरलेल्यांचं भंगार झालं. आज जगात त्या मोजक्याच शिल्लक आहेत. नगरची गाडी त्यांतली एक. लोखंडाला स्वतःहून टिकता येत नाही. कुणीतरी ‘हे ठेवा’ असं म्हणावं लागतं. शत्रूचं हत्यार उघडून पाहिल्याशिवाय त्याच्याशी लढायला शिकता येत नाही, हे सैनिकी शाळेला कळतं. म्हणून अशा ठिकाणी आलेली वस्तू भट्टीपर्यंत सहसा जात नाही. माझ्या प्रश्नाचं उत्तर मला तिथंच मिळालं.

पण परतताना शिक्रापूरच्या फाट्यावर चहा घेत असता दुसरा प्रश्न पडला. त्या गाडीचं नाव, वजन, वेग, कारखाना, सगळं आपल्याला सांगता येतं. मग अशा गाड्यांच्या फौजेपुढे रायफल घेऊन उभ्या राहिलेल्या आपल्या माणसांचं काय? सातारा भागात काही गावांत पहिल्या महायुद्धाच्या दगडी पाट्या आहेत, या गावातून इतके जण गेले, इतके परतले नाहीत, असं सांगणाऱ्या. तोब्रुकला सापडलेल्यांची तशी पाटी माझ्या पाहण्यात नाही. त्यांची पिढी आता जवळपास संपली. त्यांची आठवण उरली असेल, तर ती घराघरांतच.

म्हणून एक विनंती आहे. दिवाळीला माळा आवरताना आजोबांची किंवा पणजोबांची पत्र्याची ट्रंक निघाली, तर ती भंगारवाल्याच्या काट्यावर ठेवण्याआधी उघडून पाहा. एखादं पदक असेल, डिस्चार्जचा कागद असेल, छावणीतून आलेलं चार ओळींचं पत्र असेल. त्यावरचं नाव, सैनिक क्रमांक आणि पलटण एका वहीत उतरवून घ्या. घरातल्या म्हाताऱ्या आत्याला विचारा, ते परत आले तेव्हा काय सांगत होते. आणि ते काही सांगत नसत, असं ती म्हणाली, तर तेही लिहून ठेवा.