न्यूयॉर्कची नगरसभा : मते आणि जागा (१९३५–१९४९)

मतदाराने दिलेले मत आणि सभागृहात बसणारा प्रतिनिधी यांच्यामध्ये मोजणीचा नियम उभा असतो. हा नियम तटस्थ असतो, असे सामान्यतः गृहीत धरले जाते. न्यूयॉर्क शहराच्या स्थानिक निवडणुकांचा इतिहास या समजुतीस छेद देतो.

प्रत्येक वॉर्डातून एक सदस्य आणि सर्वाधिक मते मिळविणारा विजयी, ही तेथील जुनी पद्धती होती. १९३५ साली डेमोक्रॅटिक पक्षास सुमारे दोन तृतीयांश मते पडली. परंतु ६५ पैकी ६२ जागा त्याच्याकडे गेल्या. विरोधी मते शहरभर विखुरलेली असल्याने बहुतेक वॉर्डांत ती निष्फळ ठरली.

१९३६ च्या सार्वमताने एकल संक्रमणीय मताची पद्धती स्वीकारण्यात आली. राज्यसभेच्या निवडणुकीमुळे ती भारतीय अभ्यासकांस परिचितच आहे. शहराचे पाच विभाग, म्हणजे ‘बरो’, हेच मतदारसंघ ठरले. मतदार पसंतीक्रम लिही. ७५,००० मते मिळताच उमेदवार निवडून येई. त्यावरील मतपत्रिका, तसेच तळाच्या उमेदवारांच्या मतपत्रिका, पुढील पसंतीकडे वळविल्या जात. बरोच्या जागाही एकूण मतदानावरून ठरत. त्यामुळे १९३७ मध्ये २६ सदस्य होते, तर १९४३ मध्ये १७ च.

मोजणी किचकट व दीर्घकाळ चालणारी होती, हे खरे. तथापि १९४५ साली सुमारे ५९ टक्के मते मिळविणाऱ्या डेमोक्रॅटिक पक्षास २३ पैकी १४ जागा मिळाल्या; उरलेल्या नऊ जागा चार पक्षांत विभागल्या गेल्या. १९४१ मध्ये ॲडम क्लेटन पॉवेल (धाकटे) यांच्या रूपाने नगरसभेत पहिला कृष्णवर्णीय सदस्य आला, तोही याच पद्धतीने.

त्या नऊ जागांपैकी दोन कम्युनिस्टांच्या होत्या. शीतयुद्धाच्या प्रारंभीच्या वातावरणात विरोधकांच्या हाती हेच शस्त्र आले आणि १९४७ च्या सार्वमताने ही पद्धती रद्द झाली. परिणाम मात्र कम्युनिस्टांपुरता राहिला नाही. १९४९ मध्ये डेमोक्रॅटिक पक्षाची मते सुमारे ५३ टक्क्यांवर उतरली. जागा मात्र २५ पैकी २४ झाल्या. विरोधी बाकावर रिपब्लिकन स्टॅन्ली आयझॅक्स हे एकटेच उरले.

म्हणजे १९४५ च्या तुलनेत पक्षाचा पाठिंबा घटला आणि सत्ता वाढली. या अंतराचा उगम मतदारांच्या मनात नव्हे, तर मोजणीच्या नियमात शोधावा लागतो. नावडत्या अल्पमतास दूर ठेवण्यासाठी बदललेला नियम अखेरीस सर्वच अल्पमतांस सभागृहाबाहेर ठेवतो, हा या चौदा वर्षांचा बोध होय.