पहिला सिनेमा... पण नक्की कुठला?

आमचा पुतण्या सध्या 'स्टार वॉर्स' मालिका पहिल्यापासून बघतोय. मी त्याला कौतुकाने सांगितलं, की पहिल्या भागात त्या गुत्त्यात हान सोलो ग्रीडोला टेबलाखालून आधी गोळी घालतो, तो प्रसंग नीट बघ. तर पठ्ठ्या म्हणाला, "काका, दोघं जवळजवळ एकदमच झाडतात की!"

गंमत म्हणजे आम्ही दोघंही बरोबर होतो. मी भिवंडीत, भाड्याच्या व्हिडिओ कॅसेटवर, बाहेर मागांचा खटखटाट चालू असताना पाहिलेला सिनेमा १९७७ चा होता. त्याने पाहिला तो त्याच नावाचा, पण पुढे दुरुस्त केलेला.

ज्यांना या वादाची कल्पना नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगतो. 'स्टार वॉर्स' १९७७ साली आला तेव्हा सुरुवातीला वर सरकणाऱ्या मजकुरात 'चौथा भाग' असं काही नव्हतं, ते १९८१ मध्ये घातलं गेलं. १९९७ मध्ये जॉर्ज लुकासने मालिकेची नवी आवृत्ती काढली. संगणकावर केलेले प्राणी आले, पूर्वी काढून टाकलेला जब्बाचा प्रसंग परत आला, आणि ग्रीडो आधी गोळी झाडायला लागला. म्हणजे आमचा हान सोलो एका रात्रीत सज्जन झाला! २००४ च्या डीव्हीडीत या दोन गोळ्या जवळजवळ एकत्र आणल्या. त्याच डीव्हीडीत 'रिटर्न ऑफ द जेडाय'च्या शेवटी दिसणारा म्हातारा सेबॅस्टियन शॉ जाऊन तिथे तरुण हेडन क्रिस्टेन्सन उभा राहिला. शॉ १९९४ मध्येच वारला होता. त्याला कोण विचारणार?

आता, आपलंच काम सुधारावंसं वाटणं यात मला काही गैर वाटत नाही. मीसुद्धा इथले जुने लेख गुपचूप दुरुस्त करतो :) खटकतं ते दुसरंच. लुकासची नवी आवृत्ती आली आणि जुनी हळूहळू दिसेनाशी झाली. २००६ मध्ये मूळ सिनेमे डीव्हीडीवर मिळाले खरे, पण पुरवणी म्हणून आणि जुन्या लेझरडिस्कच्या प्रतीवरून, धूसर. आणि हाच लुकास १९८८ मध्ये अमेरिकन काँग्रेससमोर जाऊन सांगून आला होता, की जुन्या सिनेमांत नंतर फेरफार करणं म्हणजे देशाचा सांस्कृतिक वारसा नासवणं आहे. तेव्हा विषय होता कृष्णधवल सिनेमे रंगीत करण्याचा. शेवटी जून २०२५ मध्ये लंडनला ब्रिटिश फिल्म इन्स्टिट्यूटने जपून ठेवलेली १९७७ ची प्रत पडद्यावर दाखवली, तेव्हा लोकांना पुन्हा मूळ सिनेमा बघायला मिळाला.

हा परदेशातला वाद म्हणून मी सोडून देणार होतो. पण मग लक्षात आलं, की आपल्या सिनेमाच्या इतिहासाचं पहिलं पानच असं आहे.

दादासाहेब फाळक्यांचा 'राजा हरिश्चंद्र' ३ मे १९१३ रोजी गिरगावात कोरोनेशनमध्ये लागला. चार रिळं, ३७०० फूट. दत्तात्रय दाबके हरिश्चंद्र झाले. तारामतीसाठी बाई मिळेना, म्हणून हॉटेलात काम करणारे अण्णा साळुंके तारामती झाले. दादरच्या घरात सरस्वतीबाई दिवसभर सगळ्या मंडळींचं जेवणखाण बघत आणि रात्री फिल्मच्या कामाला बसत. हे सगळं आपण ऐकलेलं असतं. 'हरिश्चंद्राची फॅक्टरी' (२००९) पाहिल्यावर तर ते डोळ्यांसमोरच उभं राहतं.

पण फाळक्यांनी १९१७ मध्ये हाच सिनेमा परत केला, 'सत्यवादी राजा हरिश्चंद्र' या नावाने, हे किती जणांना ठाऊक असतं? पुण्याच्या राष्ट्रीय चित्रपट संग्रहालयात 'राजा हरिश्चंद्र'चं पहिलं आणि शेवटचं रीळ जपलेलं आहे. राजा राणीसमोर मुलाला धनुर्विद्या शिकवतोय, तो रविवर्म्याच्या चित्रासारखा सुरुवातीचा प्रसंग त्यातलाच. अनेक अभ्यासकांच्या मते ही रिळं १९१३ ची नाहीत, १९१७ ची आहेत. म्हणजे दर ३ मेला आपण जो 'भारताचा पहिला सिनेमा' म्हणून बघतो, तो बहुधा दुसऱ्यांदा केलेला आहे.

फाळक्यांना लुकासच्या रांगेत बसवायचं नाही. लुकासकडे जुनं होतं आणि तरी त्याने ते बाजूला सारलं. फाळक्यांच्या काळात फिल्म नायट्रेटची, ठिणगी पडली की भडकणारी. प्रत गावोगाव फिरायची, प्रत्येक खेळाला झिजायची. ती जपून ठेवावी असं तेव्हा जगात फारसं कुणाच्या मनात नव्हतं. आणि काळाबरोबर आपलं काम बदलणं फाळक्यांनी पुढेही केलं. १९३२ चा 'सेतुबंधन' मूकपट होता, पण तोवर 'आलम आरा' येऊन गेला होता. म्हणून मग १९३४ मध्ये त्याच सिनेमावर आवाज चढवला. बाजारात टिकायचं तर दुसरा इलाज काय होता?

आमच्या भिवंडीत हे कुणालाही पटकन समजेल. डिझाइन चुकलं तर पुढच्या ताग्यात सुधारतात. पण विकलेला तागा परत मागवून कुणी उसवत नाही. ज्याने त्याचा शर्ट शिवला, त्याच्या अंगावर तो तसाच राहतो. सिनेमाचंही तसंच नाही का? पुढचा तागा तुमचा, पण गेलेला आमचा.

जुनं उरलं असेल तर काय होऊ शकतं, त्याचं उदाहरण 'शोले'. १९७५ मध्ये आणीबाणीच्या काळात सेन्सॉरने शेवट बदलायला लावला, आणि ठाकूरच्या पायाखाली मरणारा गब्बर पोलिसांच्या हाती गेला. पण मूळ शेवट कुठेतरी शिल्लक होता. म्हणूनच डिसेंबर २०२५ मध्ये तो चित्रपटगृहात मोठ्या पडद्यावर येऊ शकला. बरा की वाईट, ते आता बघणारा ठरवेल. १९१३ चा हरिश्चंद्र आणि १९१७ चा हरिश्चंद्र शेजारी ठेवून मात्र आपल्याला काही ठरवता येणार नाही. चार वर्षांत फाळके काय नवीन शिकले? कॅमेरा कुठे हलवला, काय गाळलं? फाळक्यांच्या दिग्दर्शनाचा हा अभ्यास करायची सोयच उरली नाही.

असो. दर मे महिन्यात तो तुकडा फोनवरून घरोघरी फिरतो, आमच्या नातेवाइकांच्या ग्रुपवरही येतो. मंडळी, यंदा पुढे पाठवताना '१९१३' च्या शेजारी 'बहुधा १९१७' एवढं लिहा. फाळक्यांचं त्यात काही जात नाही. पहिला सिनेमा करायला घर पणाला लावलेल्या माणसाने चार वर्षांनी पुन्हा तोच करायची तयारी केली, हेही पुढच्या पिढीला कळू दे.