स्वस्त वाइनलाच फ्रिज हवा

घरात वाइनसाठी वेगळा छोटा फ्रिज घ्यावा का, हा विषय निघाला की पुण्या-मुंबईतल्या जाणत्या मंडळींचं उत्तर ठरलेलं असतं. ज्यांच्याकडे फ्रान्स-इटलीच्या महाग बाटल्या आहेत आणि त्या दहा-वीस वर्षं जपायच्या आहेत, त्यांनी तो घ्यावा. आपण पिणार नाशिकची शेनिन ब्लाँ, नाहीतर अकलूजकडची एखादी रेड. ती ताजी प्यायची असते, साठवायची नसते. मग तिच्यासाठी वेगळं यंत्र कशाला?

हा पूर्वपक्ष दुबळा नाही. आपल्याकडची बहुतेक वाइन, त्यातही पांढरी आणि रोझे, वर्ष-दोन वर्षांत संपवण्यासाठीच केलेली असते, हे खरं आहे. सुलाची रासा किंवा फ्रातेलीची सेट्टे अशा काही रेड चार-सहा वर्षं चांगल्या टिकतात, पण त्या अपवादात मोडतात. शिवाय विकत घेतलेली बाटली त्याच आठवड्यात उघडणाऱ्याला वेगळ्या फ्रिजची गरज नाही, हेही मला मान्य आहे. माझा आक्षेप निष्कर्षावर आहे. ताजी प्यायची म्हणून थंड ठेवायची गरज नाही, हे तर्कट नेमकं उलटं आहे. ताजेपणा हाच जिचा सगळा गुण, तिला उष्णता आधी मारते.

या समजाचं मूळ आपल्या स्वयंपाकघरात असावं. वाइन लोणच्यासारखी मुरते, जितकी जुनी तितकी चांगली, आणि उन्हाळा लागला तर जरा लवकर मुरेल एवढंच, असं आपण धरून चालतो. रसायनशास्त्राला हे मान्य नाही. तापमान दहा अंशांनी वाढलं की बऱ्याचशा रासायनिक क्रियांचा वेग ढोबळमानाने दुप्पट होतो. तेरा अंशांच्या तळघराऐवजी तेहतीस अंशांच्या खोलीत बाटली ठेवली तर हा हिशेब चौपटीवर जातो. पण खरी गोम पुढे आहे. सगळ्या क्रिया एकाच प्रमाणात वेग घेत नाहीत. फळाचा वास देणारी काही एस्टर संयुगं भराभर मोडतात, वाइनचं रक्षण करणारा सल्फर डायऑक्साइड लवकर खर्ची पडतो, रंग तपकिरीकडे झुकतो, आणि हळूहळू मुरताना जी गुंतागुंत तयार व्हायची ती तयार होतच नाही. उन्हाळ्यात चार महिने तापलेली वाइन ही लवकर मुरलेली वाइन नव्हे. ती शिजलेली वाइन असते.

आणि आपल्याकडे वेळापत्रकही वाईट आहे. युरोपात द्राक्षतोडणी सप्टेंबर-ऑक्टोबरात होते. नवी वाइन तयार होते तोवर हिवाळा दाराशी आलेला असतो आणि पहिले सहा महिने निसर्गच तिला थंड ठेवतो. नाशिकला तोडणी जानेवारी ते मार्च. कोवळी वाइन जगात येते आणि समोर चैत्र-वैशाख उभा. वायनरीत टाक्या गार ठेवलेल्या असतात, गोदामही गार असतं. पण बाटली एकदा फाटकाबाहेर पडली की टेम्पो, दुकानाची काच आणि शेवटी आपलं घर. पहिल्या दोन्हींवर आपला इलाज नाही, तिसऱ्यावर आहे.

आता नेहमीचं उदाहरण घ्या. एप्रिलमध्ये शनिवार-रविवार जोडून लोक नाशिकला जातात, गंगापूर धरणाच्या काठी सूर्यास्त पाहतात, वाइन चाखतात, आवडते, सहा-बारा बाटल्यांचं खोकं गाडीच्या डिकीत टाकून घरी येतात. दोन बाटल्या त्याच आठवड्यात संपतात. बाकीच्या स्वयंपाकघरातल्या सर्वांत वरच्या फडताळात जातात, म्हणजे गॅसची सगळी ऊब जिथे साचते तिथे. शेवटची उघडते दिवाळीत. तेव्हा ती जवळून पाहा. बुचाची असेल तर बूच गळ्याच्या कडेपेक्षा दीड-दोन मिलिमीटर वर आलेलं दिसतं, कारण तापलेला द्रव प्रसरण पावून त्याला खालून रेटतो. वरचं वेष्टण कापलं की बुचाच्या कडेला वाळलेला चिकट डाग सापडतो. रोझे असेल तर गुलाबी जाऊन कांद्याच्या सालीचा रंग उतरलेला. वास घेतला की पेरू, लिंबू, हिरवी मिरची काही येत नाही, उकडलेल्या सफरचंदाचा येतो. पाहुणे एकेक घोट घेऊन म्हणतात, भारतीय वाइन ही अशीच! मला याचं मनापासून वाईट वाटतं. द्राक्ष बागायतदाराने दोन छाटण्या करून, भुरी-डाऊनी या रोगांशी झुंजून जे पिकवलं, वाइनमेकरने अंशाअंशाने तापमान सांभाळून जे घडवलं, ते आपण फडताळात घालवलं आणि दोष मात्र देशाच्या वाइनला दिला.

कोणी म्हणेल, मग घरातला मोठा फ्रिज आहेच की. आहे, आणि तीन-चार बाटल्यांपुरता तो पुरेसा आहे. तिथे वाइन बिघडते, बूच वाळतं, ही भीती फुगवलेली आहे. बाटलीच्या आतली हवा ओलसरच असते आणि बूच आतून भिजत राहतं. काही महिन्यांत त्याला काही होत नाही. शिवाय नाशिकच्या बऱ्याचशा बाटल्यांना आता फिरकीचं झाकण असतं, तिथे बुचाचा प्रश्नच मिटला. फार तर थंडीने तळाशी काचेच्या चुऱ्यासारखे स्फटिक साचतात. ते टार्टरिक आम्लाचे क्षार, निरुपद्रवी. अडचण जागेची आहे. ज्या घरात दूध, भाजी, इडलीचं पीठ, उरलेली आमटी यांचीच दाटी आहे, तिथे बारा बाटल्या आडव्या ठेवायच्या कुठे? त्या फडताळातच जातात. म्हणून एका वेळी सहापेक्षा जास्त बाटल्या घेणाऱ्या आणि त्या महिनोन् महिने पुरवणाऱ्या घराला छोटा वाइन फ्रिज ही चैन नाही, असं माझं मत आहे.

पण कोणता? इथे दुसऱ्या बाजूच्या प्रचाराचंही खंडन करावं लागतं, कारण विकणारे भलतंच गळ्यात मारतात. त्यांचं पहिलं भांडवल म्हणजे काँप्रेसर नसलेला, आवाज आणि कंप नसलेला फ्रिज. तो पेल्टिए परिणामावर चालतो. दोन वेगळ्या वाहकांच्या सांध्यातून वीज गेली की एक बाजू गार आणि दुसरी गरम होते, हे जाँ पेल्टिए या फ्रेंच शास्त्रज्ञाला 1834 मध्ये दिसलं होतं. तत्त्व सुंदर आहे, पण अशी छोटी यंत्रं खोलीच्या तापमानापेक्षा साधारण बारा-पंधरा अंशच खाली जाऊ शकतात. युरोपातल्या पंचवीस अंशांच्या दिवाणखान्यात बारा अंश मिळतात, उत्तम. मे महिन्यात पुण्यातल्या किंवा नागपुरातल्या चौतीस-पस्तीस अंशांच्या खोलीत तेच यंत्र वीस अंशांवर अडकतं, न थांबता पंखा फिरवतं आणि वीज खातं. ज्या दोन महिन्यांसाठी ते घेतलं त्याच दोन महिन्यांत हरतं. आणि कंपाची भीती? काही महिन्यांत संपणाऱ्या वाइनला काँप्रेसरच्या हलक्या थरथरीने काही होत नाही. तेव्हा काँप्रेसरचाच घ्यावा, आणि घेताना पाटीवरचा हवामान-वर्ग वाचावा. ‘एन’ असेल तर यंत्र बत्तीस अंशांपर्यंतच्या खोलीसाठी बनलेलं आहे, ‘एसटी’ अडतिसापर्यंत, ‘टी’ त्रेचाळीसपर्यंत. विदर्भ-मराठवाड्यात ‘टी’शिवाय विचारच करू नये.

दुसरं भांडवल दोन कप्प्यांचं: एकात रेड, एकात पांढरी, दोन वेगळी तापमानं. छोट्या फ्रिजमध्ये याने जागा खाल्ली जाते, किंमत वाढते, हाती काही लागत नाही. साठवण्यासाठी दोघींनाही बारा-तेरा अंशच मानवतात. फरक असतो पिण्याच्या वेळी. पांढरी तास-दीड तास आधी मोठ्या फ्रिजमध्ये हलवली की आठ-नऊ अंशांवर येते. रेड वीसेक मिनिटं टेबलावर ठेवली की आपल्या हवेत सोळा-सतरापर्यंत चढते. रेड कधी गार करूच नये, हा नियम ज्या घरांत रूढ झाला ती घरं अठरा अंशांची होती. बत्तीस अंशांच्या रेडमध्ये आधी नाकात अल्कोहोल शिरतं, द्राक्ष मागे राहतं.

बाटल्यांच्या आकड्यावरही विसंबू नये. ‘बारा बाटल्या’ लिहिलेलं असतं ते बोर्दो घाटाच्या, साडेसात सेंटिमीटर जाडीच्या बाटल्या धरून. स्पार्कलिंगची बाटली त्याहून सेंटिमीटरभर जाड असते, मग फळी सरकत नाही. पाव भाग वजा करून हिशेब करावा. काचेचं दार दिसायला छान, पण पावसाळ्यात मुंबई-कोकणात त्याला घाम फुटतो आणि ऊन पडलं तर प्रकाशही आत जातो. भरीव दाराचा मिळाला तर तोच बरा. जागा गॅसपासून आणि पश्चिमेच्या भिंतीपासून लांब असावी. मागे बोटभर नव्हे, चांगली वीतभर मोकळीक हवी. फर्निचरमध्ये कोंडायचाच असेल तर गरम हवा पुढून सोडणारा खास प्रकार मिळतो, तोच घ्यावा. साधा कोंडला तर काँप्रेसर लवकर मरतो.

एकदा बारा-तेरावर लावला की त्याच्या मागे लागू नये. दारावरचा आकडा आतल्या हवेचा असतो. खरं पाहायचं तर मधल्या फळीवर पाण्याचा पेला ठेवून त्यात दिवसभर थर्मामीटर बुडवावा. दोन-तीन अंशांचा फरक निघाला तर तेवढा आकडा हलवावा. तापलेल्या बारा बाटल्या एकदम भरू नयेत, हे यंत्र राखण्यासाठी आहे, झटपट गार करण्यासाठी नाही. वीज गेली तर दार उघडू नये. भरलेल्या फ्रिजमधल्या बाटल्याच एकमेकींना थंड ठेवतात, दोन-तीन तासांनी काही बिघडत नाही. वीज आल्यावर लगेच काँप्रेसर सुरू होणं मात्र वाईट. दोन-तीन मिनिटं थांबून चालू करणारा स्टॅबिलायझर गावाकडे तरी बसवावाच. आणि उघडलेली बाटली इथे परत ठेवू नये. झाकण घट्ट लावून ती मोठ्या फ्रिजमध्ये, चार अंशांना, उभी ठेवावी. पांढरी तीन ते पाच दिवस चांगली राहते, रेड त्याहून एखादा दिवस कमी.